फिरून राह्यलं

४ फेब्रुवारी २००८
पोचले एकदाची! आदिलाबादजवळ इचोड्याच्या ढाब्यावर चहाला उतरले, तर माझं सहाव्या महिन्याचं पोट बघून मालकाने न मागता उशी आणून दिली. हमरस्त्यावरच्या ट्रकांची थरथर आमच्या यंत्राला सोसत नाही, म्हणून संस्थेने प्रयोगशाळा आत बोथ गावाच्या बाजूला, कपाशीच्या रानात थाटली आहे. तिला लागूनच माझं घर. सुधाकरची बँक नागपुरात, नवरोबा शनिवारी येत जातील. बाळ पायाळू आहे, पण फिरायला वेळ आहे, असं पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने मात्र फिरलं का, फिरलं का, असा धोशा लावलाय. मी मजेत आहे.

११ फेब्रुवारी
यंत्र म्हणजे एक आडवं पिंप, संथ गोल फिरणारं. आत उंदराच्या मूलपेशी. त्यांच्यापासून हाड, कातडी, काळीज, काहीही घडू शकतं. सतत फिरवल्यामुळे त्यांना खाली कुठे ते कळत नाही, अंतराळात असल्यासारखं. बाहेर ठेवलेल्या पेशी काळजाच्या होऊन केव्हाच धडधडू लागल्या. पिंपातल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे, अर्धवट घडलेल्या पेशी पिंपात सोडल्या तर त्या मागे जातात, पुन्हा कोऱ्या होतात! असं निघेल असं आमच्या साहेबांनाही वाटलं नव्हतं. आनंदाने नाचायचंच बाकी आहे, तेही पोट आडवं येतं म्हणून.

स्वयंपाकाला बयनाबाई येतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. राखण आणि जनरेटर हणमंतरावांकडे. करंट इथे वाटेल तेव्हा जातो, आणि पिंप थांबलं की प्रयोग संपला, हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावलंय.

२५ फेब्रुवारी
आज बयनाबाईंनी तेल लावता लावता पोट चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "फिरून राह्यलं, बाई." मी तर ओरडलेच! फिरलं आणि राहिलं एकदाचं जागेवर! आईला फोन, सुधाकरला फोन. बयनाबाईंच्या हातावर साखर ठेवली, तर त्या माझ्या तोंडाकडे बघतच बसल्या. लाजल्या असाव्यात.

२ मार्च
दुपारी पोटात कावळे ओरडत होते. बयनाबाई अंगणातून म्हणाल्या, "भात शिजून राह्यला." मी ताट वाढून घेतलं. पहिलाच घास कचकचला, निव्वळ तांदूळ! त्या धावत आल्या. "अवं बाई, शिजून राह्यला म्हनलं मी. आजून चुलीवरच हाय ना तो! काऊन वाढून घेतला?" आम्ही दोघी हसलो. त्यांच्या बोलीत 'शिजून राह्यला' म्हणजे अजून शिजतोच आहे. आणि मी पुण्याची, स्वतःला मराठी येतं समजणारी.

मग माझं हसू तोंडातच राहिलं. त्या दिवशी माझ्या बाळाबद्दल काय म्हणालात, असं विचारलं. त्या चुलीकडे बघत म्हणाल्या की तेच म्हटलं होतं. ते फिरतंय. गोल गोल फिरतंय, थांबतच नाही. एवढी बाळंतपणं केली, पण असं पोट त्यांच्या हाताला कधी लागलं नाही. साखर दिलीत तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, म्हणाल्या.

मला भीती वाटते आहे.

३ मार्च
पिंपासमोर उभी राहिले, पोटावर हात ठेवून. तीच गती. तीच दिशा. पिंपावरची लाल खूण वर येते तेव्हा आतलं टाचेसारखं टणक काहीतरी माझ्या बरगडीला लागतं. खूण खाली, तेही खाली. खूप वेळ बघितलं. एकदाही चुकलं नाही.

सुधाकर फोनवर म्हणाला, थकली आहेस, रजा घे.

५ मार्च
आदिलाबादला गेले. वाटलं, लांब गेलं की थांबेल. शहराच्या वेशीवरचं मावला आलं तरी आत तसंच फिरत होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. छान, घोड्यासारखे. रडूच आलं. आणि एकदम बंद. काहीच नाही. त्या ठोक्यांच्या यंत्रावर चापट्या मारत राहिल्या. मग पुन्हा सुरू झाले. त्यांनी यंत्राला दोष दिला. बाहेर येऊन मी हणमंतरावांना फोन केला. ते ओशाळून म्हणाले, मघाशी करंट गेला होता, आज जनरेटर लवकर धरला नाही.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, महिने मोजायला चुकलात का? सोनोग्राफीत बाळ पाचव्याइतकंच दिसतंय. पुण्यात तपासलं तेव्हा बोटं दिसली होती. सुटी सुटी. आज हाताच्या टोकाला नुसतं चपटं —

८ मार्च
पोट लहान होतंय. साडी सैल होते.
पिंप थांबवलं तर ठोके थांबतात. चालू ठेवलं तर माझं बाळ कोरं होत जातंय. त्या पेशींसारखं. आनंदाने नाचणार होते मी.

१० मार्च
गती कमी करून पाहिली. हळूहळू थांबवलं तर कदाचित — आत तेही मंद झालं. मंद. मग आतून काहीतरी निसटल्यासारखं — पटकन वाढवली. पुन्हा नाही. पुन्हा कधीच नाही.

सुधाकर शनिवारी येईल. त्याला काय सांगू? नाव ठरवून ठेवलंय त्याने.

१२ मार्च
करंट गेला. डिझेल संपलंय. हणमंतराव इचोड्याला गेलेत, अजून नाहीत.

पिंप हाताने फिरवते आहे. डाव्या. उजव्याने हे लिहिते, नाहीतर किंचाळेन. बयनाबाई दारात रडताहेत, यंत्राला हात लावायला तयार नाहीत. सोडा म्हणतात, जाऊ द्या त्याला. नाही सोडणार. एवढंसं उरलंय. मुठीएवढं असेल. पण आहे. फिरतंय. माझं आहे.

डाव्या हाताला पेटका आलाय. बोटं वळत नाहीत. बयनाबाई, या ना. धरा ना जरा —

येत नाहीत.

हात बदलते. क्षणभरच सुटेल. क्षणभर काही होत ना