मूठ आणि दोन बोटं

सोमवार, ७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. मी उत्तम आहे, आणि हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहीत नाहीये, डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलंय. तो कागद तू पाहिलास. पाहूनसुद्धा स्पर्धेचा फॉर्म सहीशिवाय परत पाठवलास आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंस, 'वय बघ.' बघितलं. एकसष्ट. तुझं अडुसष्ट, आणि तू अजून गुडघ्याएवढे बूट घालून दिवसभर ओढ्यात उभा राहून लोकांचे पाय मोजतोस. तुझं वय कोण बघतं?

फोन केला असता, पण फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि ठेवून देतोस. पत्र ठेवून दिलंस तरी आधी वाचशील.

कामाचं म्हणशील तर हात पहिल्यासारखा चालतोय. गेल्या आठवड्यात सात कवळ्या पूर्ण केल्या. मेणात एकेक दात बसवायचा म्हणजे मनगट जागेवर लागतं, हे तुला वेगळं सांगायला नको. एका आजोबांनी कवळी लावली, आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे दात माझ्यापेक्षा फारच तरुण दिसतात हो." मी म्हटलं, "राहू द्या की. घरात कुणीतरी तरुण असावं." कवळी दाखवायला दिवसातून तीनदा हसत असतील आता.

डॉक्टरांकडची गंमत सांगायची राहिली. त्यांनी मनगटाचा एक्स-रे दिव्यासमोर धरला, पट्टी आणि सहा स्क्रू नीट बसलेत म्हणाले, आणि मग विचारलं, "पण तुम्ही नक्की करता काय? शर्यत?"

"शर्यतीच्या अगदी उलट," मी म्हटलं. "दोन दोऱ्यांच्या मधून जायचं. वाटेत दगड, ओंडके, ओढा. घाई कुणालाच नसते. मोटरसायकलला बसायला सीट नाही, उभ्यानेच चालवायची. आणि पाय खाली टेकायचा नाही. टेकला की एक गुण. ज्याचे गुण कमी तो जिंकला."

"म्हणजे तुमच्याकडे गुण असणं हाच अवगुण."

"बरोबर. जग हात टेकतं डॉक्टर, आम्ही पाय टेकत नाही."

हसले. सही केली. परका माणूस सही करतो आणि सख्खा भाऊ पेन्सिल शोधतो.

आमची जुनी कार, डबी, मजेत आहे. हे होते तेव्हा ट्रॅकवर जायची तशीच अजून महिन्यातून एकदा जाते. मागची सीट यांनी काढून माळ्यावर टाकली होती, ती तिथेच आहे, त्यामुळे मुलगा गाडीत बसायला आला की दरवेळी विचारतो, "आई, मी कुठे बसू?" दोन आठवड्यांपूर्वी, हात मोडल्यानंतर पहिल्यांदाच ट्रॅकवर गेले. दोन फेऱ्या सावकाश, मग पाच मनापासून. तिथे वेळ नोंदवणारे काका आहेत ना, जे कधीच हसत नाहीत, त्यांनी खिडकीतून चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "चार सेकंदांनी मागे आहात. तिसऱ्या वळणाला घाबरता." बस, एवढंच. कशी आहेस नाही, हात दुखतोय का नाही. दादा, किती बरं वाटलं ते तुला कळणार नाही. किंवा कळेल. त्यावर पुन्हा लिहीन.

वहिनी मागच्या आठवड्यात येऊन गेली तेव्हा विचारत होती, कपाटावरची बक्षिसाची ढाल कुठे गेली. पॉलिशला दिलीय असं सांगितलं. तुलाही तेच सांगते.

फॉर्म पुन्हा सोबत पाठवतेय. साठीच्या वरचा माणूस दुखापतीनंतर पहिल्यांदा उतरत असेल तर डॉक्टरांचा कागद आणि मुख्य पंचाची सही लागते, हा नियम तूच क्लबकडून करून घेतलास. तिथे 'मुख्य पंचाची सही' असं छापलंय. 'भावाची' असं छापलेलं नाही. वीस तारखेचा रविवार आहे, तोवर टपाल पोहोचून परत येतं.

तुझी,
धाकटी


शनिवार, १२ ऑक्टोबर

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'मला तुझी काळजी वाटते, म्हणून नाही.' फॉर्म पुन्हा कोरा. या वेळी पेनने लिहिलंस, म्हणजे ठरलंय तुझं.

ठीक आहे. मग माझंही ठरलं. ढाल पॉलिशला दिलेली नाही. ढाल बेकरीत आहे, ती मी जिंकले तेव्हा दुसरी आलेल्या भिंगरीकडे.

आता तू चष्मा काढून टेबलावर ठेवला असशील. पुन्हा लाव आणि पुढे वाच.

अकरा वर्षांपूर्वीचा तिसरा टप्पा. ओढ्यातला तो गोल, शेवाळलेला धोंडा. माझं पुढचं चाक घसरलं, डावा पाय पाण्यात गेला. लगेच उजवाही टेकवून मी गाडी ढकलली. दोन. तू माझ्यापासून दोन हातांवर होतास. तुझ्या बुटांवर माझ्या पायाने उडालेलं पाणी पडलं. मी टप्प्याबाहेर पडून वळून पाहिलं, आणि तू हात वर केलास. दोन बोटं वर करायला हवी होतीस. तू मूठ दाखवलीस. शून्य.

मला आधी वाटलं तुझी नजर चुकली. पण तुझी नजर चुकत नाही. मुलगा सायकल शिकताना त्याने किती वेळा पाय टेकला तेसुद्धा तू मोजून सांगितलं होतंस. मी तुझ्याकडे बघत राहिले आणि तू कार्डाकडे बघत राहिलास. तेव्हा मला कळलं.

हे जाऊन चार महिने झाले होते. मी घराबाहेर पडत नव्हते, तूच ओढून आणलं होतंस. आणि मग तू माझी कीव केलीस. सगळ्यांनी केली त्या वर्षी. शेजारणीने केली, बँकेतल्या बाईने केली, कवळी न्यायला येणारे पेशंटसुद्धा हळू आवाजात बोलायचे. एकच जागा होती जिथे कुणी कीव करणार नाही याची मला खात्री होती. ओढ्यातला तू. ती जागाही गेली.

पण मी तुझ्यावर सगळं ढकलून मोकळी होणार नाही. मी तोंड उघडू शकत होते. 'दोन आहेत' एवढे दोनच शब्द. नाही उघडलं. संध्याकाळी नावं वाचली तेव्हा माझे बारा, भिंगरीचे तेरा. मी पुढे गेले, ढाल घेतली, फोटोत हसले. खरे चौदा होते, दादा. मी एका गुणाने हरले होते. अकरा वर्षं त्या ढालीवरची धूळ मी पुसलीय आणि दरवेळी तिच्याकडे न बघता पुसलीय.

ट्रॅकवरच्या काकांनी चार सेकंद म्हटलं ना, तेव्हाच मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ढाल पिशवीत घातली आणि बेकरीत गेले. भिंगरी टोस्टचे ट्रे बाहेर काढत होती. मी म्हटलं, "तुझी वस्तू आणलीय." सगळं सांगितलं. तिने ट्रे खाली ठेवला नाही. हातमोजे घालून तो गरम ट्रे तशीच धरून उभी राहिली.

मग म्हणाली, "शेवटच्या टप्प्यात माझा डावा पाय टेकला होता. एकदाच. त्या एका गुणावर गेली म्हणून मी अकरा वर्षं या पायाला शिव्या घातल्यात. तीन वेळा बूट बदलले. डाव्या बाजूचा तोल जमावा म्हणून पहाटे भट्टी लावताना एका पायावर उभी राहते. गिऱ्हाइकं हसतात मला."

मी सॉरी म्हटलं. ते तोंडातून इतकं बारीक निघालं की ती म्हणाली, "काय?"

मोठ्याने म्हटलं.

"ढाल ठेव त्या पोत्यावर," ती म्हणाली. "मला अशी नको. वीस तारखेला ये. समोर ये आणि हर, मग नेते घरी." आणि टोस्टची एक पिशवी माझ्या हातात कोंबली. जरा करपलेले होते. मला वाटतं मुद्दाम.

म्हणून मला वीस तारखेला उतरायचंय. कप नकोय, कुणाला काही दाखवायचं नाही. मला हरायचंय, पण रीतसर. आणि तू मला हरूसुद्धा देत नाहीयेस.

तुझी ती 'काळजी' आहे ना, ती आणि ती मूठ एकच आहेत. तेव्हा कीव करून मला जिंकवलंस, आता कीव करून घरी बसवतोस. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस. मनगट माझं आहे. मोडलं तर पुन्हा मोडेल, अजून सहा स्क्रू घालतील, मी उजव्या हाताने दात बसवायला शिकेन. ते परवडेल मला. तुझी मूठ पुन्हा परवडणार नाही.

क्लबला मी काही कळवलेलं नाही. पंच तू होतास. सांगायचं की नाही ते तू ठरव. पण फॉर्म तिसऱ्यांदा पाठवतेय, आणि सही करायची नसेल तर या वेळी कारण लिही. 'काळजी' चालणार नाही. 'ही बाई गाडी चालवू शकत नाही' असं लिही आणि खाली सही कर. ते लिहिता येत नसेल तर सही फॉर्मवर कर.

तुझी,
(जे लिहायचं ते वर लिहिलंय)


सोमवार, २१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

काल आपण सात तास एकाच ओढ्यात होतो तरी हे पत्र लिहितेय, कारण तिथे आपण फक्त भांडलो.

फॉर्म शुक्रवारी मिळाला. सही होती, शेजारी ना पेन ना पेन्सिल. तो मी दोनदा उलटून पाहिला.

सकाळी तू कर्णा हातात घेतलास तेव्हा मला वाटलं नेहमीसारखं दोऱ्यांच्या आत उभं राहू नका वगैरे सांगशील. तू खिशातून कागद काढलास. "अकरा वर्षांपूर्वीची एक नोंद चुकली होती. चूक पंचाची होती, रायडरची नव्हती." हे ऐकून मला राहवलं नाही. "रायडरचीही होती!" असं मी ओरडले. चाळीस माणसं माझ्याकडे वळली. माझा मुलगा गाडीच्या मागे लपला. भिंगरी आपला चष्मा पुसत होती, तो स्वच्छच होता.

आणि मग तिसरा टप्पा. धोंडा तोच, शेवाळ तेच. तू तिथेच उभा होतास, दोन हातांवर. डावा पाय गेला, ते मलाही कळलं. पण पुढे ओंडक्यावर चढताना बुटाचं टोक मागच्या बाजूने जरासं घासलं, ते तुला दिसूच शकत नाही असं मला वाटलं होतं. बाहेर पडून पाहते तर तुझी दोन बोटं वर.

"एक!" मी म्हटलं.

"दोन."

"घासला फक्त! टेकला नव्हता!"

"टेकला."

"दादा, तुला तिथून दिसलं तरी कसं?"

"पंचाशी वाद घातलास तर पाच देईन. पुढच्या टप्प्याला जा."

दादा, टेकला होता. मला माहीत आहे. हेल्मेटच्या आत मी हसत होते आणि रडत होते, आणि त्या नादात चौथ्या टप्प्यात थेट दोरीबाहेर गेले, पाच गुण, ती माझीच चूक. एकूण एकोणीस. चौथी आले. भिंगरीचे अकरा. ढाल तिने स्वतःच पिशवीतून काढली, काखेत मारली आणि मला म्हणाली, "पुढच्या वर्षी डाव्या पायाचा सराव कर. पाव भाजताना जमतो, दात बसवतानाही जमेल."

संध्याकाळी टेम्पोच्या मागे बूट ओढून काढताना तू खाली बघून म्हणालास, "तेव्हा तू जेवत नव्हतीस. मला वाटलं, काहीतरी एक तुझ्या मनासारखं होऊ दे." मी तेव्हा दोर गुंडाळत राहिले. आता बोलते. मला कळतं ते. तेव्हाही अर्धं कळत होतं. त्या रात्री मी जेवले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. पण पुन्हा करू नकोस. मी सत्तरीची होऊन गाडीसकट पाण्यात बसले तरी करू नकोस. मला उचलायला ये, पण आधी पाच लिही.

मनगट आज दुखतंय. खोटं कशाला बोलू? कवळीचं काम उद्यावर ढकललं. डबी पुढच्या महिन्यात ट्रॅकवर नेणार आहे, तिसऱ्या वळणाला घाबरायचं नाही असं ठरवून. तुला यायचं असेल तर पुढची एक सीट आहे.

वहिनीला सांग, कपाटावर ढालीच्या जागी आता कालचं गुणांचं कार्ड लावलंय. तिसऱ्या ओळीत तुझ्या अक्षरात 'दोन' आहे. ते मी रोज बघणार आहे.

तुझी,
दोन गुणांची धाकटी