हिच्या हाताचा गुण

३ मार्च, मंगळवार
आज सकाळी मोरीत तीनदा चूळ भरली, वर लवंग चघळली, आणि मगच हिच्यापुढे हात केला. लाकूड कोरताना पटाशी निसटून डाव्या हाताचं बोट चिरलं, त्याला सत्तावीस दिवस झाले. टाके काढले नि जखम पुन्हा उघडली. ही रोज माझा हात मांडीवर घेते, पट्टी सोडते, धुते, नवी बांधते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण इतका वेळ तिनं माझा हात कधी धरला नव्हता. मीही तिचा धरला नव्हता.
देवा, क्षमा कर — हे संपू नये असं वाटतं.

५ मार्च, गुरुवार
डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?"
"सोडली," मी म्हणालो. ही शेजारीच बसली होती.
"मग भरत का नाही? तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. जखमेला रक्तच पोचलं नाही तर मांस धरणार कसं? सोमवारपर्यंत बघू. हाडापर्यंत गेलं तर पेर काढावं लागेल." मग हिच्याकडे वळून — "पट्टी तुम्हीच करता ना? हात स्वच्छ धुता?"
"धुते," ती म्हणाली. खाली बघून.

६ मार्च
संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. ओठाखाली चिमूट तशीच होती.

७ मार्च, शनिवार
पट्टीचं कापड ती आता दोनदा उकळते. साबणानं तिचीच बोटं सोलवटली आहेत. आज म्हणाली, "माझ्या हातालाच गुण नाही. उद्यापासून जाऊबाई करतील."
"वहिनी? ती पट्टी बांधते की गाठोडं?"
हसली नाही. खरं सांगायचं अगदी तोंडाशी आलं होतं. गिळलं.

८ मार्च
वहिनी आली, दोन मिनिटांत आवळून बांधून गेली. "भाऊजी, लहान मुलासारखे कण्हू नका." ही दारात उभी राहून बघत होती. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसलो, माझ्याच.

९ मार्च, सोमवार
डॉक्टरांपुढे, हिच्या देखत सांगितलं. सोडली नव्हती, काल रात्रीपर्यंत खात होतो, हिच्या हातांचा काही दोष नाही. पुडी टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "आजपासून खरंच बंद असेल तर पंधरा दिवस थांबू."
घरी येताना ही दहा पावलं पुढे चालत होती.