मोहरीची उशी

४ डिसेंबर, बिष्णुपूर

इलियासने आज माझ्या तोंडचं पाणी पळवलं! दुबईत बारा वर्षं शिवणकाम करून आलेला माणूस. बाळाच्या उशीचा अभ्रा त्याच्याकडे टाकला होता, तो आणायला गेले आणि सहज बोलून गेले — तिकडे दुबईत माझ्या लेकीला, मोऊला नववा लागलाय, तिला आलू-पोस्तोचे, खसखशीतल्या बटाट्यांचे डोहाळे आहेत, म्हणून अर्धा किलो खसखस बॅगेत भरलीय. त्याचं मशीनच थांबलं. “काकीमा, पोस्तो? अहो, तिथे ती अफूत धरतात! विमानतळावरच अडकाल. चिमूटभर सापडली तरी आत घालतात.”

अफू! आमच्याकडे रोज दुपारी पाट्यावर वाटतो आम्ही ती. मग जन्मभर मी अफूच वाटली की काय?

५ डिसेंबर

थोरल्या जाऊबाई हसल्या. “पोटुशीची इच्छा राहिली तर बाळाची लाळ गळत राहते, विसरलीस? आणि खसखशीला कोण धरतंय! तू जन्माची भित्री.”

“दिदी, मलाच धरलं तर मोऊचं बाळंतपण कोण करणार?”

त्यांनी अभ्रा माझ्या हातातून घेतला आणि उशी भरायला बसल्या. काळ्या मोहरीची — बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून.

८ डिसेंबर

बॅग तीनदा उघडली. पुडी काढली. ठेवली. मोऊला फोनवर विचारलं, तर म्हणते, “मा, स्वप्नातसुद्धा पोस्तो खाते गं मी. पण आणू नकोस हं, इथे खरंच चालत नाही.” आवाज किती बारीक झाला होता तिचा!

पुडी परत ठेवली. देवा, मी काय करतेय?

१० डिसेंबर, कोलकाता विमानतळ

टाकली. अख्खी पुडी कचऱ्याच्या डब्यात. रडू आलं. मग पदर झटकला, नखं धुतली, बॅगेचे कोपरे बोटांनी चाचपले. एखादा दाणा राहिला असेल तर?

१० डिसेंबर, दुबई

पोचले!

बॅग बाजूला घ्यायला लावलीच. अधिकाऱ्याने नेमकी उशी उचलली, दाबली, मोडक्या हिंदीत विचारलं, “हे काय?” आता लपवण्यासारखं होतंच काय माझ्याजवळ? म्हटलं, “मोहरी. नातवंडासाठी. फाडून बघा हवं तर!” एवढा मोठा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. तो हसला. उशी स्वतः माझ्या हातात दिली.

१३ डिसेंबर

मोऊची साध झाली, आमच्याकडचं डोहाळजेवण. नवी साडी, भात, माशाचं डोकं, पाच भाज्या, गोडाला तांदळाचं पायेश. सगळं तिच्या आवडीचं — एक सोडून. तिने पानावरून नजर फिरवली, मग म्हणाली, “असू दे गं मा.”

रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली की मी अजून खिडकीतून मागे सरते. जावई चिडवतात.

१४ डिसेंबर

सकाळी जाऊबाईंचा फोन. “फोनच लागत नव्हता तुझा! साधेला पोस्तोवाचूनच राहिली ना मोऊ? मग ऐक. ती उशी उसव आता. अगं, मोहरीच्या मधोमध खसखशीची पिशवी आहे! तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यानेच तुला पकडून दिलं असतं.”

फाडून बघा, म्हणाले होते मी.