लॉन्ड्रीतली मंडळी

प्रिय लेकी,

तू कामात बुडालेली असशील आणि जेवणाकडे दुर्लक्ष करत असशील, हे मी धरूनच चालते. इकडे सगळं बरं आहे. चर्चचं छप्पर एकदाचं गळायचं थांबलं. ड्रायव्हरकाकांचा सूर मात्र अजून प्रत्येक कडव्याला घसरतो, आणि सगळी मंडळी इमानदारीनं त्यांच्यामागे घसरते.

परवा मला नव्या कुटुंबांना मंडळीची सुरुवात सांगायला उभं केलं. काय सांगू नि काय नको असं झालं. आम्ही या गावात लॉन्ड्री टाकली तेव्हा इथं ल्युथरन पंथाचे ख्रिस्ती म्हणायला आमचंच एक घर होतं. तू पोटात होतीस. तुझ्या बाप्तिस्म्यासाठी तुझ्या बाबांनी म्हाताऱ्या पाळकसाहेबांना पत्र घातलं, आणि ते बसनं धक्के खात आले. त्या रविवारी इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर घातली, आणि कपडे भिजवायच्या घंगाळात तुझा बाप्तिस्मा झाला. वाफेची ऊब बघून ड्रायव्हरकाका आत डोकावले ते कायमचे. मग नर्सबाई आल्या. त्यांच्या ओळखीनं गवंडीकाका सहकुटुंब आले. गल्लीतले लोक आम्हाला ‘इस्त्रीवाले’ म्हणायचे. तुझे बाबा म्हणायचे, ‘म्हणू देत. माणसं चुरगळलेलीच येतात की आपल्याकडे.’

पुढे जागा पुरेना, म्हणून चर्च बांधायला घेतलं. भिंती गवंडीकाकांनी उभ्या केल्या, विटा आम्ही बायकांनी वाहिल्या. त्याच भिंतींच्या आत, तू पाळकपणाचं शिक्षण पुरं करून आलीस तेव्हा, काय झालं ते तुला मी काय सांगावं? तुला इथं पाळक नेमायला वरच्या धर्ममंडळाची परवानगी होती, अडवलं ते आपल्याच मंडळीनं. ‘बाईमाणूस वेदीपुढे नको,’ असं गवंडीकाका म्हणाले. मी उठून भांडले, पण एकटीचा आवाज तो केवढा. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेले तुझे बाबा खाली मान घालून राहिले. तू दूरच्या हॉस्पिटलात रुग्णांची पाळक म्हणून गेलीस, आणि तेव्हापासून तुम्हा बापलेकीत जे काही बोलणं होतं ते माझ्यामार्फत. मी बाई झाले टपाल खातं.

गवंडीकाकू गेल्या, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याच हॉस्पिटलात गेल्या, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तू रोज त्यांच्या उशाशी बसायचीस, शेवटचा प्रभुभोजनाचा घास तूच भरवलास, हे तू एका शब्दानं कळवलं नाहीस. ते गेल्या रविवारी गवंडीकाकांकडून कळलं. आपले पाळक निवृत्त झाल्यापासून वेदी रिकामी आहे, म्हणून उपासनेनंतर सभा होती. काका उठले, बराच वेळ टोपी कुरवाळत राहिले. म्हणाले, ‘माझ्या बायकोला शेवटचा घास त्या पोरीनं भरवला. ती म्हणाली, आता मला भीती नाही. तिथं चाललं, ते इथं का चालू नये? बोलावू या तिला.’ मग एकेक हात वर झाला. तुझ्या बाबांनी हात मोजायला सुरुवात केली, आणि मध्येच चष्मा काढून बसले. पुढचे हात नर्सबाईंनी मोजले. विरोधात एकही नव्हता.

मंडळीचं रीतसर बोलावणं पुढच्या आठवड्यात निघेल. त्याआधी मी लिहावं असं तुझ्या बाबांनी सांगितलं. म्हणाले, ‘तिला नाही म्हणायचं असेल तर आधी आईला म्हणू दे. चार लोकांत तिला पुन्हा अवघड नको. आणि तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलं, एवढं तिला लिही.’ मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा, टपाल खातं आता बंद. तेव्हापासून शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसलेत, पण पान उलटल्याचा आवाज काही येत नाही. तेव्हा खाली थोडी जागा सोडते आहे. त्यांनी काही लिहिलं तर वाच. नाही लिहिलं, तरी ये.

वाट पाहणारी,
तुझीच आई

बाळा, मला माफ कर. ये. — बाबा