परक्या भिंतीवरची मी

बाबा, मी लिस्बनला आलेय. हे गाव कुठं म्हणून विचाराल, तर युरोपच्या पार टोकाला, समुद्राजवळ. लेक सुट्टीला घेऊन आलीय. ती राजवाडे बघते आणि मी तिनं दिलेला छोटा कॅमेरा घेऊन चढउताराच्या गल्ल्यांतून फोटो काढत हिंडते. पंचाहत्तरीच्या बाईला हे थेर सुचतात, कारण मी तुमची मुलगी. काल पिवळ्या ट्रामची वाट बघत कॅमेरा धरून उभी होते, तर भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी मधेच आली आणि ट्रामऐवजी तीच फोटोत उतरली. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, ही मधे आलेली माणसं पुसून टाक ना." माझा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच थांबला. मला घाटंजीची ती बाई दिसली.

घाटंजीचा आपला स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली, आणि मागं पडद्यावर रंगवलेलं एक तळं. बाजाराच्या दिवशी तुम्ही कॅमेरा घेऊन बाजारात जायचा आणि कोणी न सांगितलेले फोटो काढायचा. आई म्हणायची, "वांग्याच्या ढिगाचा फोटू कोन भितीले लावते?" ती बाई आली तेव्हा मी सतराची होते, दारात मिरच्यांची देठं काढत बसले होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "फोटूवाले भाऊ, माही पोरगी दर बाजारी यायची. तुमच्या एखांद्या फोटूत आली असन का हो, चुकून?" पोरगी तापानं गेली होती, पंधरा दिवस झाले होते, आणि तिचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. तेव्हा फोटो काचेवर उतरायचे. तुम्ही दोन वर्षांच्या काचा एकेक करून उजेडाला धरल्या. बैल, टोपल्या, आणि एका काचेत एक पाठमोरी मुलगी. ती तुम्ही छापून बाईच्या हातात दिलीत. तिनं बराच वेळ पाहिली. म्हणाली, "पाठ त साऱ्याइचीच सारखी असते, भाऊ." मग तिची नजर माझ्यावर आली.

पोरीच्या जागी मला बसवायचं ठरलं, आणि माझ्या अंगावर तिच्या पोरीचं हिरवं लुगडं आलं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "जित्त्या पोरीचं तोंड हार घालाले देता? काही समजते का तुमाले?" एरवी तुम्ही तिचं ऐकायचा. त्या दिवशी एवढंच म्हणालात, "बस पोरी. दोन मिन्टाचं काम हाय." फोटोवाल्याचं घर, पण दिव्याखाली अंधार, तोवर आमचा कोणाचा फोटो काढायचं तुम्हाला सुचलंच नव्हतं. ती बाई तुमच्या मागं उभी राहून सांगत होती, मान आणखी खाली, ओठ मिटून. मी मान खाली घेतली. मग छापलेल्या फोटोवर तुम्ही बारीक ब्रशनं हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिलेत, तिच्या पोरीचे होते तसे, आणि मी मेलेली झाले. जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमला वापरायची तुमची रीतच होती. माझ्या चेहऱ्याची ही काच मात्र तुम्ही लगेच धुऊन त्याच फोटोवर बसवलीत, म्हणजे दुसरी प्रत निघायलाच नको. मी माझ्यासाठी एक प्रत मागितली तर केवढे चिडलात! "एक तोंड दोन घरी नसते ठेवाचं."

पुढं ती दर बाजारी येऊ लागली. पायरीशी उभी राहायची, मला बघायची, कधी मूठभर बोरं ठेवायची आणि जायची. मला तिची भीती वाटायची. आरशासमोर उभी राहिले की हात आपोआप हनुवटीवर जायचा, अजूनही जातो. एकदा तुम्ही आत डार्करूममध्ये असताना मी तिच्यावर धावूनच गेले. "मावशी, तो फोटू तुमच्या पोरीचा नाही, माहा हाय. आनून द्या."

"मले मालूम नाही काय, बाई?" ती म्हणाली. "पोटची पोरगी मी काहून भुलीन? पन दिवा लावाले एक तोंड पाह्यजे. तुह्या जित्त्या तोंडाले हार घातला मी, त जिवाले घोर लागून राह्यते. तू खुशाल हायेस का, तेवढंच पाहाले येतो."

मी म्हणाले, पुन्हा येऊ नका. ती आली नाही. तुम्ही कितीतरी बाजार विचारत राहिलात, "ते बाई काहून येत नाही आता?" आणि मी दर वेळी म्हणाले, "मले काय मालूम." तुम्ही गेलात त्या आठवड्यातही विचारलंत, तेव्हाही तेच सांगितलं. मी खुशाल आहे का, एवढंच बघायला त्यानंतर कोणी उन्हातान्हातून चालत आलं नाही. मी तिचं गावही विचारलं नव्हतं. तो फोटो आजही कुठल्या भिंतीवर आहे का, त्याच्यापुढं कोणी दिवा लावतं का, हा विचार मला ऐन गर्दीत, परक्या देशात, ट्रामच्या थांब्यावर गाठतो.

इथली म्हातारी मी पुसली नाही. उद्या तिचं कोणी शोधत आलं तर माझ्याकडं असू दे. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा कॅमेऱ्याच्या पिशवीतच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. मला भीती वाटायची हे खरं, पण त्या दिवशी मी तिच्याशी भांडले ते भीतीपायी नाही. मला तो फोटो हवा होता, बाबा. हिरव्या लुगड्यात मी फार सुंदर दिसत होते, आणि तुम्ही काढलेला माझा तेवढा एकच फोटो आहे.