बंबात गेलेली वही

बाबा, परवा बाभुळगावला आत्याकडे जाऊन आले. यंदा पौषात हिव फार आहे. सकाळच्या एसटीत खिडकी नीट लागत नव्हती, म्हणून पदर कानावरून घट्ट ओढून बसले होते. हल्ली कंडक्टर म्हणून मुलीही असतात; या गाडीतही एक होती. तिच्या हातात यंत्र होतं, बटण दाबलं की तिकीट बाहेर येतं. मी तिला सांगितलं, माझे वडीलही कंडक्टर होते. "कोन्या डेपोले?" तिनं विचारलं. दिग्रस म्हटल्यावर ती हसली आणि पुढं गेली. मी मात्र बाभुळगाव येईपर्यंत तुमच्याच गाडीत बसले होते.

तुमची ती वही. शंभर पानी, वरून खाकी कागद लावलेली, जाड पुठ्ठ्याची. गाडीत कोणी नवा शब्द बोललं की तिकीट फाडता फाडता तुम्ही तो मनात ठेवायचे आणि गाडी थांबली की लिहून काढायचे: शब्द, अर्थ, कोण बोललं, कोणत्या फेरीत. तुरीचा फुलोरा झडवणारी धुई, म्हणजे धुकं. भल्या पहाटेला म्हणायचं येरवाळी. एकदा मी विचारलं, हिव आणि थंडी यांत फरक काय? तुम्ही शर्टाच्या गुंड्या लावत म्हणालात, "थंडी रेडिओवर सांगतात बाई, हिव आंगात भरते." आईला या वहीचं काही कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "शब्दाईची भाजी होते का?" तुम्ही हसून वही कोनाड्यात ठेवायचे.

मी सहावीत होते. बंजारा तांड्यावरची एक म्हातारी तुमच्या गाडीनं बाजाराला यायची, आणि एका बाजाराच्या दिवशी ती तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन थेट आपल्या घरी आली. आईनं तिला चुलीजवळ बसवलं, चहा दिला. हात शेकत ती आपल्या गोर बोलीत बोलत होती, हिवाळ्याला शियाळो म्हणत होती, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तिच्याकडून शब्द म्हणवून घेत होता. मी अंगणात गेले. तिथं शेजारच्या मुली होत्या. त्यांच्यापुढं मी म्हातारीसारखी कमरेत वाकले, हात पसरले आणि तिच्याच सुरात "शियाळो, शियाळो" करत नाचले. मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. वळून पाहते तर तुम्ही दारात, आणि तुमच्या मागं ती.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "हासाचं काय हाये त्यात? तू बोलतं, त्याले पुन्याचा मानूस हासते. तुले बरं वाटन का? पाया पड त्याईच्या." सगळ्या मुलींसमोर मी त्या म्हातारीच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी गोड बोलली. मला मात्र आतून आग लागली होती.

दुसऱ्या दिवशी तुमची सहाची ड्यूटी. बंब पेटवायचं काम माझंच असे. मागच्या ओट्यावर पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्या रचलेल्या आहेत, आई पीठ मळते आहे, तुम्ही दात घासता आहात. मी कोनाड्यातून वही उचलते. आधी चार पानं फाडते, मग आणखी चार. पानं चटकन पेटतात. मग भीती वाटते, आता अर्धी वही परत कशी ठेवायची? म्हणून उरलेलीही पुठ्ठ्यासकट आत घालते. तुम्ही त्याच पाण्यानं अंघोळ केलीत. "आज पानी लवकर तापलं," असंही म्हणालात.

मग शोधाशोध. तुम्ही आईला विचारलंत, धाकट्या भावाला विचारलंत, शेजारी विचारलंत, डेपोत जाऊन गाड्यांची बाकं वाकून पाहिलीत. तीन दिवस. मला मात्र विचारलं नाहीत. मी ते माझं नशीब समजले. पुढच्या आठवड्यात तुम्ही यवतमाळहून, जिथं हिवाळ्यात तिबेटी लोक दुकानं लावतात तिथून, माझ्यासाठी लालभडक स्वेटर आणलात. मी तो दोनदा घातला आणि टोचतो म्हणून काढून टाकला. आई चिडली. स्वेटर टोचत नव्हता, बाबा.

त्यानंतर मी शिकले, लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही गेलात त्यालाही अठरा वर्षं झाली. सांगायची वेळ शंभरदा आली असेल. दरवेळी वाटायचं, आता काय, तुम्ही विसरूनही गेला असाल.

परवा आत्या अंगणात उन्हात बसली होती. ऐंशी पार केली तिनं, पण जीभ तशीच आहे. तुमच्या गोष्टी काढता काढता म्हणाली, "माह्या भावाची वही हारपली ना, लय जीव होता त्याचा तिच्यात." मी हातातला कप खाली ठेवला. काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "आत्या, हरवली नव्हती. मी जाळली. बंबात."

आत्या म्हणाली, "सांगतलं बाप्पा एकदाचं!"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"त्यालेच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी बंबाची राख काढाले गेला, त पुठ्ठ्याचा कोपरा भेटला त्याले. वर खाकी कागद चिकटेल होता."

"मग ते बोलले काहून नाही?"

"मीबी हेच इचारलं. त म्हणे, मी इचारलं त पोरीले खोटं बोला लागन. तिले सांगावं वाटन तवा सांगन."

मी रडले. आत्यानं रडू दिलं. मग काठी टेकत आत गेली आणि पेटीतून एक वही घेऊन आली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही तिच्याकडे महिनाभर राहिला होता, तेव्हा लिहिलेली. "त्यानं सांगून ठेवलं होतं," आत्या म्हणाली. "तिनं सोताहून इषय काढला तरच देजो, नाही त राहू दे."

जळालेले शब्द तुम्ही आठवून आठवून पुन्हा लिहिले आहेत. अक्षर मोठं, ओळी तिरप्या. काही ठिकाणी शब्द आहे आणि अर्थापुढं नुसतं "आठवत नाही". पण पुढं एका पानावर हे आहे: "शियाळो. हिवाळा. तांड्यावरची आजी. आमच्या मुलीनं एकदा ऐकून हुबेहूब म्हटला होता. पोरीचा कान चांगला आहे."

उन्हात बसून मी ती ओळ चारपाच वेळा वाचली असेल. चाळीस वर्षं मी ज्या नकलेला माझा गुन्हा समजत आले, तिच्यात तुम्हाला माझा कान दिसला होता. रागावला होता, ते खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. येताना एसटीत मला इतकं हलकं वाटत होतं की झोप लागली आणि माझा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून मी उलट चालत आले. वारा तोंडावर बोचत होता, आणि कित्येक वर्षांत हिवाळा मला इतका आवडला नव्हता.

एक खंत राहील. तुम्ही वाट पाहिलीत आणि मी तुम्ही असताना आले नाही. त्यावर आता इलाज नाही. पण तुम्ही मनात अढी धरून गेला नाहीत, एवढं कळलं. मला ते पुरतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून कपाटात ठेवीन. फक्त एक सांगून टाकते. काल धाकट्याचा फोन आला होता. त्याला वहीची झेरॉक्स काढायची आहे, दोन दिवसांसाठी दे म्हणत होता. मी सांगितलं, पानं सुटत होती, बांधायला दिली आहे. कुठं दिलेली नाही. माझ्या उशाशी आहे. आणखी आठवडाभर तरी देणार नाही.