दोन नातवंडांच्या शाळेच्या खर्चाचा अंदाज

चि. नम्रता,

तुला, संदेशला आणि दोन्ही नातवंडांना पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त आता उठताना जास्त बोलतात. मुलांची सर्दी गेली का? (संदेश फोनवर 'सगळं ठीक' म्हणतो. माझा हा लेक दहावीला गणितात नापास झाला तेव्हाही असंच म्हणाला होता.)

प्रज्वल आणि प्रियांकाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं तुम्ही ठरवलंत आणि 'आई, वर्षाला किती लागतील त्याचा अंदाज घेतेय' असं तू म्हणालीस. मला राहवेना. मुलं माझ्याकडे राहिली तर काय खर्च येईल, हे विचारायला मी गावात निघाले. इंग्रजी माझं, कॉन्व्हेंटचं, फुकट. गणिताला शेजारच्या हौसाची वैष्णवी, बी.एस्सी. झालेली. फी विचारली तर हौसाच मध्ये पडली, "पैशे नको गो बाय. सावड कर. तू आमच्या कापणीला ये, मंग वैष्णवी तुझ्याकडं येल." सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. मला शेत नाही, म्हणून माझ्या वाट्याला वैष्णवीचं गणित.

गेले. पायांत बूट, हातांत मोजे. सगळे विळे थांबवून मला बघत होते. एकदा वाकले ती वाकलेलीच राहिले. शेवटी भाताच्या भाऱ्यासारखं उचलून मला बांधावर उभं केलं. मग वरच्या वाडीतली गंगी. ती मुलांना रान दाखवणार, बदल्यात मी तिची वाळत घातलेली नाचणी राखायची. शेळी आली. मी काठी मांडीवर ठेवून तिला नीट समजावत होते. गंगी लांबूनच ओरडली, "बाय, ती काय तुझी पावणी हाय? हाकल ना!" तोवर पाहुणीने नाचणी चाखून माझ्या पिशवीचा बंद चघळायला घेतला होता.

पण खरं सांगू? फार दिवसांनी दुपारभर कुणीतरी मला हाका मारत होतं. हे गेल्यापासून मी कुकरच्या शिट्टीलाही 'आले गं' म्हणते.

तर अंदाज असा : शिक्षकांचा खर्च शून्य. कमरेच्या मलमाचा तेवढा धरायचा, तो मी सोसेन.

तुझी,
आई

ता. क. : मुलं इकडे पाठवायचं तू म्हणाली नव्हतीस, हे मला ठाऊक आहे. तू पुस्तकांचा आणि ऑनलाइन क्लासचा हिशेब करत होतीस. मीच त्यात मुलांना इथे आणून बसवलं. दिवाळीनंतर महिनाभर तरी पाठवशील का? संदेशला विचारू नकोस, तो 'बघू' म्हणेल.

आणखी एक : नाहीच जमलं तर प्रज्वलचं चौथीचं गणिताचं पुस्तक पाठव. हौसा कुणाची सावड फेडल्याशिवाय राहणारी नाही, रविवारपासून वैष्णवी येणारच. तिच्यासमोर शिकायला कुणीतरी बसलेलं हवं, तर मी बसेन. अपूर्णांक मला तेव्हाही जमले नव्हते, त्यामुळे बरेच दिवस ती येत राहील.